फोलिओ ९३ वरचं सूर्यफूल

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात ‘एमएस ४०८’ या क्रमांकानं एक हस्तलिखित ठेवलेलं आहे. त्यातल्या फोलिओ ९३ च्या (हस्तलिखितात पानाच्या दोन्ही बाजूंना मिळून एकच क्रमांक असतो, ते पान म्हणजे फोलिओ) पुढच्या बाजूला पानभर एक रोप काढलंय. रुंद पानं, वर भलंमोठं गोल डोकं, डोक्याच्या कडेनं पाकळ्यांची झालर. लातूर-सोलापूरकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला दाखवा, तो म्हणेल सूर्यफूल. मीही पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तेच म्हणालो, आणि माझी तर हयात वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली.

१९४४ साली ह्यू ओ'नील यांनीही तेच म्हटलं. ते वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठात वनस्पतिशास्त्रज्ञ होते, धर्मगुरूही होते. फरक इतकाच की माझं म्हणणं खोलीतच राहिलं आणि त्यांचं ‘स्पेक्युलम’ या मध्ययुगाच्या अभ्यासाला वाहिलेल्या नियतकालिकात छापून आलं. त्या एका ओळखीनं पुढं हस्तलिखिताचं वय बदललं, एका मोठ्या कला-इतिहासकाराला स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यायला लावली, आणि जवळजवळ ७० वर्षांनी अख्खं पुस्तक मेक्सिकोला नेऊन ठेवायला मदत केली. चित्रावरून वनस्पती ओळखताना माणूस नेमका कुठं घसरतो, हे शिकवायला मला याहून चांगलं प्रकरण मिळालेलं नाही.

आधी पुस्तकाविषयी

हे म्हणजे प्रसिद्ध ‘व्हॉयनिच हस्तलिखित’. विल्फ्रिड व्हॉयनिच हा जुन्या पुस्तकांचा पोलिश व्यापारी. १९१२ मध्ये त्यानं ते रोमजवळच्या फ्रास्काती इथल्या व्हिला मोन्द्रागोनेमधून, जेझुइट या कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंकडून विकत घेतलं. (व्हॉयनिचची बायको एथेल ही गणितज्ञ जॉर्ज बूल यांची मुलगी, आणि तिची आई जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. सर्व्हेयर जनरल ऑफ इंडिया, ज्यांच्या नावाचं शिखर आहे तेच एव्हरेस्ट. प्रकरणाशी याचा काही संबंध नाही, पण वर्गात सांगितलं की मुलं जागी होतात.) व्हॉयनिच गेला, मग एथेल गेली, आणि १९६१ मध्ये न्यूयॉर्कचे ग्रंथविक्रेते हान्स क्राउस यांनी ते २४,५०० डॉलरला घेतलं. पुढं गिऱ्हाईकच मिळेना, म्हणून १९६९ मध्ये येलला देऊन टाकलं.

आकारानं ते आपल्या शाळेच्या लांब वहीएवढं, साधारण साडेतेवीस बाय सोळा सेंटिमीटर. कागद नाही, वासराच्या कातड्याचं चर्मपत्र. लिपी जगात दुसरीकडे कुठंही सापडलेली नाही आणि आजवर कुणालाही सर्वमान्य होईल अशी वाचता आलेली नाही. जपानी गुप्तलिपी फोडणाऱ्या पथकाचे प्रमुख विल्यम फ्रीडमन यांनी त्यावर वर्षानुवर्षं घालवली आणि हात टेकले.

मजकूर बंद, त्यामुळे उरतात चित्रं. पुस्तकाचा मोठा भाग वनस्पतींचा आहे: एका पानाला एक रोप, भोवती मजकूर. येलच्या नोंदीत अशा ११३ वनस्पतींचा आकडा आहे आणि त्यापुढं ‘अनोळखी’ हा शब्द. मग राशिचक्रं, तारे, हिरवट पाण्याच्या कुंडांत बसलेल्या नग्न बायका, त्या कुंडांना जोडणाऱ्या नळ्या. शेवटाकडे औषधांच्या रंगीत बरण्या आणि त्यांच्या शेजारी सुट्टी मुळं, सुट्टी पानं. वाचता न येणाऱ्या पुस्तकात चित्र हाच एकमेव साक्षीदार, म्हणून सगळे त्याच्याच मागं लागले.

एक ओळख आणि तिच्या मागची साखळी

ओ'नील यांच्यासमोर मूळ पुस्तक नव्हतं. एका सहकारी धर्मगुरूंकडे असलेल्या फोटोस्टॅट (काळ्या-पांढऱ्या छायाचित्रित) प्रती त्यांनी पाहिल्या, म्हणजे रंग नाहीतच. त्यांनी फोलिओ ९३ चं चित्र हेलिअँथस ॲन्युअस, म्हणजे आपलं तेलबियांचं सूर्यफूल, असं ओळखलं. फोलिओ १०१ च्या मागच्या बाजूला, बरण्यांच्या भागात, त्यांना मिरचीचं फळ दिसलं.

यापुढचा तर्क सरळ आहे आणि त्याच्या आतल्या आत तो बरोबरही आहे. सूर्यफूल अमेरिकेतलं, मिरचीही अमेरिकेतली. कोलंबसाच्या सफरींआधी या दोन्ही गोष्टी युरोपातल्या चित्रकाराला दिसणं शक्य नाही. म्हणजे हस्तलिखित १४९३ च्या आधीचं असूच शकत नाही.

त्या काळापर्यंत पुस्तकाचं वय हा मुख्य वाद होता. व्हॉयनिच ते १३ व्या शतकातल्या रॉजर बेकन या इंग्रज पंडिताचं म्हणून विकू पाहत होता, आणि बेकनच्या नावाचा किस्सा जुना होता: १६६५ च्या सुमाराच्या एका पत्रात प्रागच्या योहानेस मार्कस मार्सीनं अथानासियस किर्चर या जेझुइट पंडिताला लिहिलंय की सम्राट दुसऱ्या रुडॉल्फनं या पुस्तकाला ६०० ड्यूकाट मोजले होते आणि ते बेकनचं समजलं जाई. ओ'नील यांच्या सूर्यफुलानं बेकनला एका फटक्यात बाद केलं. बेकन बाद व्हायलाच हवा होता, पण कारण चुकीचं होतं.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. १९५० च्या दशकात फ्रीडमन यांनी काही तज्ज्ञांना प्रश्नावली पाठवली. त्यात एर्विन पानोफ्स्की होते. मध्ययुगीन आणि रेनेसाँस चित्रांच्या अभ्यासात त्या काळी त्यांच्या तोडीचे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांनी कळवलं ते असं: सूर्यफुलाची ओळख आडवी आली नसती तर मी हे काम १४७० च्या आसपासचं म्हटलं असतं; पण शैली आडवळणाच्या गावातली दिसते, तेव्हा १६ व्या शतकाची पहिली काही वर्षंही चालतील; १५१०-२० च्या पुढं मात्र जाणार नाही, कारण इटालियन रेनेसाँसचा स्पर्शच कुठं दिसत नाही.

हे उत्तर मी कितीदा वाचलं असेल. माणसाचा डोळा त्याला एक सांगतोय, आणि शेजारच्या खात्यातल्या तज्ज्ञाचा दाखला दुसरंच सांगतोय. त्यांनी सभ्य माणसासारखं दाखल्याला मान दिला. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतोय सूर्यफूल, तर सूर्यफूलच असणार, आपण कोण बोलणारे? शास्त्राच्या नावाखाली आलेला अंदाज हा असा पक्का पुरावा होऊन बसतो.

२००९

२००९ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात ग्रेग हॉजिन्स यांनी चर्मपत्राचं कार्बन डेटिंग केलं. वेगवेगळ्या चार पानांच्या कडांमधून, फोलिओ ८, २६, ४७ आणि ६८ मधून, सुमारे १ बाय ६ मिलिमीटरच्या चिंधोट्या कापल्या. चारही नमुन्यांची उत्तरं एकमेकांशी जुळली: कातडं १४०४ ते १४३८ या काळातलं, ९५ टक्के खात्रीनं. शिकागोजवळच्या मॅक्रोन प्रयोगशाळेनं शाई आणि रंग तपासले. शाई नेहमीची, लोहक्षार आणि मायफळातल्या टॅनिनची. निळा ॲझुराइट या खनिजाचा, तांबूस गेरूचा, हिरवा तांब्याच्या क्षाराचा. त्या काळाशी न जुळणारं काहीच नाही.

आता कुणी म्हणेल, कातडं जुनं असेल, लिखाण नंतरचं. तत्त्वतः शक्य आहे. पण एका मोठ्या पुस्तकाचं कोरं चर्मपत्र शंभर वर्षं जपून ठेवायचं आणि मग त्यावर नेमकं जुन्या वळणाचं काम करायचं, यासाठी काहीतरी कारण लागतं. चर्मपत्र महाग. एवढ्या पुस्तकाला किमान १४-१५ वासरं लागली असणार. लोक ते वापरण्यासाठी घेत. आणि पानोफ्स्कींचा मूळ अंदाज, सूर्यफूल मध्ये येण्याआधीचा, या तारखेच्या किती तरी जवळ होता.

म्हणजे कोलंबस जन्मण्याआधीच ते कातडं कमावून झालं होतं. फोलिओ ९३ वर सूर्यफूल नाही.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. ते मिटलं नाही. २०१३ च्या अखेरीस ‘हर्बलग्रॅम’ या औषधी वनस्पतींवरच्या नियतकालिकात आर्थर टकर आणि रेक्सफर्ड टॅल्बर्ट यांचा लेख आला. त्यांच्या मोजणीनुसार पुस्तकातल्या ३०३ पैकी ३७ वनस्पती आपण ओळखल्या, त्या मेक्सिको आणि आसपासच्या, आणि मजकूर तिथल्या नाहुआ लोकांच्या नाहुआत्ल भाषेशी जोडलेला, असा दावा. तुलनेला १५५२ चं क्रूझ-बादियानो हस्तलिखित, जे त्लातेलोल्को इथं मार्तिन दे ला क्रूझ या नाहुआ वैद्यानं सांगितलं आणि हुआन बादियानोनं लॅटिनमध्ये आणलं. या लेखाला प्रसिद्धी भरपूर मिळाली.

१६३९ चं पत्र

मी हे प्रकरण पहिल्यांदा वर्गात मांडलं तेव्हा इथवरच होतं: एक चूक, तिचा परिणाम, प्रयोगशाळेचा निकाल. नंतर एक जुनं पत्र वाचनात आलं आणि गोष्टीचं तोंडच फिरलं.

प्रागमध्ये गेओर्ग बारेश नावाचा एक किमयागार होता. हे हस्तलिखित त्याच्या कपाटात पडून होतं, आणि त्याला ते वाचता येत नव्हतं. १६३९ च्या एप्रिलमध्ये त्यानं रोमला किर्चरला पत्र लिहून मदत मागितली. त्यात त्याचा एक अंदाज आहे. कुणी भला माणूस खऱ्या वैद्यकाच्या शोधात पूर्वेकडे गेला असावा, तिथून त्यानं इजिप्शियन औषधांचा ठेवा मिळवला असावा आणि तो या लिपीत पुरून ठेवला असावा. हे संभवनीय का? कारण पुस्तकातल्या वनस्पती परदेशी आहेत, जर्मनीत कुणाच्या पाहण्यातल्या नाहीत.

म्हणजे १६३९ मध्ये इजिप्त, १९४४ मध्ये अमेरिका, २०१३ मध्ये मेक्सिको. जवळजवळ तीनशेपंचाहत्तर वर्षांत विज्ञान कुठल्या कुठं गेलं, तर्क मात्र तोच: चित्रातलं रोप मला ओळखू येत नाही, किंवा दूरच्याच कशाशी जुळतं, म्हणून ते दूरचं आहे. एक पर्याय मात्र तिघांनीही विचारात घेतलेला दिसत नाही, तो म्हणजे चित्रकारासमोर रोप नव्हतंच.

उतरवलेली चित्रं

मध्ययुगीन वनस्पतिग्रंथातलं चित्र बहुतेक वेळा दुसऱ्या चित्रावरून काढलेलं असे. हे दुखणं फार जुनं. पहिल्या शतकातला रोमन प्लिनी कुरकुर करतो की क्रातेउआस आणि इतर ग्रीकांनी वनस्पती रंगवून खाली गुण लिहायची पद्धत काढली खरी, पण रंग इतके नाना तऱ्हेचे आणि उतरवणाऱ्यांचे हात इतके वेगळे, की चित्र फसवतं; शिवाय रोप वर्षाच्या चार ऋतूंत चार रूपं घेतं, चित्रात येतं एकच. व्हिएन्नात ठेवलेली, डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याच्या वनस्पतिग्रंथाची प्रत साधारण ५१२ मधली, कॉन्स्टँटिनोपलच्या अनिकिया युलियाना या राजकन्येसाठी केलेली. तिच्यातली काही रोपं आजही बघता क्षणी ओळखता येतात. पण तिथून पुढं प्रतीवरून प्रत होत गेली, आणि प्रत्येक हातानं पानं थोडी सरळ केली, फांद्या दोन्ही बाजूंना सारख्या केल्या, मूळ सोईस्कर जाड केलं.

हे कसं होतं ते कळायला मला व्हिएन्नाला जावं लागलं नाही. आमच्या कॉलेजात सूर्यफुलाचं प्रॅक्टिकल असे. स्तबक, म्हणजे बारीक फुलांचं ते डोकं, उभं कापायचं, कडेचं किरणपुष्पक वेगळं काढायचं, मधलं बिंबपुष्पक वेगळं, भिंगाखाली पाहून जर्नलमध्ये काढायचं. बिंबपुष्पकाच्या कुक्षीला, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकाला, दोन फाटे असतात. दोनच. एका वर्षी जर्नलं तपासायला घेतली तर पहिल्या जर्नलमध्ये तीन फाटे. वाटलं, घाई झाली असेल. दुसऱ्यात तीन. पुढं गठ्ठाभर जर्नलांत तीनच तीन. समोर ट्रेमध्ये ताजी फुलं ठेवलेली असताना! चौकशी केल्यावर कळलं की सगळे वरच्या वर्गातल्या एका मुलीचं जर्नल उतरवत होते, कारण तिची अक्षरं आणि चित्रं सुंदर होती. ते मूळ जर्नल मागवून पाहिलं. त्यात फाटे दोनच होते, तिसरी रेघ म्हणजे लेबलची रेषा काढताना पेन्सिल घसरलेली. पहिल्या नक्कलकारानं ती रेघ फाटा समजून थोडी जाड केली. दुसऱ्यानं तिला टोक दिलं. आणि एका हुशार गड्यानं तर बाण काढून ‘मधला फाटा’ असं नावही दिलं होतं.

एका सत्रात एवढं होतं, तर हजार वर्षांत काय होत असेल.

त्यात आणखी एक थर असतो. मध्ययुगातला चित्रकार रोपाचं रूप दाखवत असेच असं नाही. बऱ्याचदा तो रोपाविषयीची गोष्ट दाखवतो. मँड्रेक या औषधी रोपाचं मूळ माणसासारखं काढायचं, शेजारी दोरीनं बांधलेला कुत्रा, कारण ते उपटणारा मरतो आणि म्हणून कुत्र्याकडून उपटवायचं, असा समज. मुळाशी साप काढला की समजायचं, सर्पदंशावर चालतं. क्रूझ-बादियानोमध्येसुद्धा काही मुळांभोवती नाहुआ चित्रलिपीतली दगडाची खूण आहे: हे रोप खडकाळ जागी येतं. तिथं मूळ हे वाचायचं असतं.

उत्तर इटलीत १४ व्या ते १६ व्या शतकात वनस्पतिग्रंथांचा एक घोळका तयार झाला, त्याला ‘किमयागारांचे वनस्पतिग्रंथ’ म्हणतात. नाव फसवं आहे, किमया त्यात फारशी नाहीच. साधारण शंभरेक रोपं, तीच ती प्रतीप्रतींत फिरतात. मुळांना चेहरे, मुळांत प्राणी. या ग्रंथांतला मजकूर वाचता येतो आणि रोपांची नावं लिहिलेली आहेत, तरीही त्यातली कितीतरी रोपं कुठल्याही खऱ्या वनस्पतीशी जुळवता येत नाहीत. इटालियन अभ्यासक सर्जो तोरेसेल्ला यांनी व्हॉयनिच याच गोतावळ्याच्या जवळ बसवलं, आणि मला ते पटतं. व्हॉयनिचच्या फोलिओ ३३ वर मुळाला दोन माणसांची डोकी आहेत. फोलिओ २५ च्या मागं एक ड्रॅगनचं पिल्लू पान कुरतडतंय. ही पानं हर्बेरियमची शीट (खरं रोप वाळवून चिकटवलेला कागद) समजून वाचणं म्हणजे गंजिफाच्या पानावरून राजाचा पासपोर्ट काढण्यासारखं आहे.

पण मध्ययुगीन लोकांना चित्र काढताच येत नव्हतं, अशी समजूत करून घेऊ नका. कातडं कमावलं गेलं त्याच्या थोडंच आधी, १४०० च्या आसपास, पाडुआच्या फ्रांचेस्को दा कारारासाठी केलेला वनस्पतिग्रंथ आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातला वेल पानाच्या कडेनं असा वळतो की बोट लावून पाहावंसं वाटतं. चित्रकारानं खरा वेल समोर ठेवला होता. ते काम अर्धवटच राहिलं, बऱ्याच चित्रांच्या जागा कोऱ्याच आहेत. समोर रोप ठेवून काढणं वेळखाऊ, आणि पुस्तकाचा बाजार थांबत नसतो. उतरवणारे झपाट्यानं उतरवत राहिले.

उलट्या बाजूनं

चित्र अगदी अचूक, तरी देश चुकला, असंही घडलेलं आहे.

१५४२ मध्ये लेओनहार्ट फुक्स यांचा मोठा वनस्पतिग्रंथ बासेलला छापून निघाला. पाचशेच्या वर ठशांची चित्रं, बहुतेक जिवंत रोपांवरून. फुक्सना चित्रकारांचं इतकं मोल की शेवटी तिघांची छबी छापली आहे: रेखाटणारा आल्ब्रेख्ट मेयर, ते लाकडी ठोकळ्यावर उतरवणारा हाइन्रिख फ्युलमाउरर, आणि कोरणारा फाइट रुडॉल्फ श्पेकले. त्या ग्रंथात मिरचीचं चित्र आहे, आणि ते बघून कुणालाही शंका येणार नाही. फळ, देठ, पान, सगळं जागच्या जागी. नाव काय दिलंय? कालिकतची मिरी. मका दिलाय तो तुर्की धान्य म्हणून.

फुक्सना मिरची हिंदुस्थानातली वाटली. अमेरिका सापडून पन्नास वर्षं झाली होती, मिरचीची रोपं जर्मनीतल्या कुंड्यांत आली होती, पण ती कुठून आली याची गोष्ट वाटेत हरवली. मसाल्याची तिखट गोष्ट म्हणजे कालिकत, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. गंमत अशी की आपल्याकडेही ती पोर्तुगीज जहाजांबरोबरच आली आणि आपण तिला मिरीचंच नाव लावून मिरची करून टाकलं. आता कोल्हापुरात कुणाला सांगा, तुझ्या तांबड्या रश्श्यातली मिरची परदेशी आहे. सांगून बघाच.

ओ'नील यांच्याकडे अचूक चित्र नव्हतं, फुक्सकडे होतं, आणि तरी दोघांनी चुकीच्या किनाऱ्यावर जहाज लावलं. चित्र रोपाचं रूप सांगतं, फार तर. मूळ गाव सांगत नाही.

व्हॉयनिचमध्ये वनस्पतींपलीकडेही हेच झालं. १९२१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक विल्यम न्यूबोल्ड यांनी कुंडातल्या बायका आणि नळ्यांमध्ये शरीरातल्या नलिका, बीजांड, पेशी पाहिल्या, आणि तारकापानावर देवयानी दीर्घिका. म्हणजे बेकनकडे सूक्ष्मदर्शकही होता आणि दुर्बीणही! अक्षरांच्या कडेच्या बारीक रेघांना त्यांनी लघुलिपी मानलं होतं. १९३१ मध्ये जॉन मॅनली यांनी दाखवलं की त्या वाळलेल्या शाईच्या भेगा आहेत. न्यूबोल्ड तोवर वारले होते. त्या काळच्या खऱ्या शरीरचित्रांत माणसं बेडकासारखी फतकल मारून बसलेली असतात आणि शिरांचं जाळं अंगावर नकाशासारखं काढलेलं असतं, हे त्यांनी शेजारी ठेवून पाहिलं असतं तर बीजांड सुचलंच नसतं.

आणि आपण हसायला नको. म्हैसूरजवळच्या सोमनाथपूरच्या १३ व्या शतकातल्या होयसळ मंदिरात मूर्तींच्या हातांत एक दाणेदार लांबट वस्तू आहे. १९८९ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी ‘इकॉनॉमिक बॉटनी’त मांडलं की ती मक्याची कणसं आहेत, म्हणजे मका कोलंबसाच्या आधी भारतात होता. १९९३ मध्ये पायक आणि सचान यांनी त्याच नियतकालिकात ते खोडून काढलं. मूर्तिशास्त्रात अशा दाणेदार फळाला नाव आहे, मुक्ताफळ, मोत्यांचं काल्पनिक फळ. शिल्पीला कणीस माहीत असायची गरजच नव्हती.

मग ते काय आहे?

हा प्रश्न हमखास येतो, आणि मी त्याला वेळ देतो. ॲस्टरेसी कुळात, आमच्या वेळी कंपोझिटी म्हणत, सगळ्यांचीच फुलं स्तबकात. गोल बिंब, भोवती किरणं. हे कुळलक्षण झालं. जातीपर्यंत जायचं तर छदमंडलाच्या, म्हणजे स्तबकाखालच्या हिरव्या पानांच्या, ओळी किती, पानं समोरासमोर की एकाआड एक, फळाच्या टोकाला केस की खवले, हे लागतं. फोलिओ ९३ वर यातलं काहीही विश्वासानं वाचता येत नाही. रंगाचा आधार घ्यावा तर या पुस्तकातला रंग रेघेबाहेर ओघळलेला, काढणारा हात नेमका आणि रंगवणारा घाईचा. रंगवणारा कुणी वेगळाच, नंतरचा, असावा असं पुष्कळांना वाटतं.

युरोपात या कुळाची घरची फुलं कमी नव्हती. इन्युला हेलेनियम घ्या: माणसाच्या उंचीचं, रुंद मऊ पानांचं, पिवळ्या मोठ्या स्तबकांचं, रोमन काळापासून मुळासाठी लावलेलं. आपल्या आयुर्वेदातलं पुष्करमूळ त्याचं सख्खं चुलत भावंड. कॅलेंड्युलाला तर मध्ययुगीन लॅटिनमध्ये नावच सूर्याच्या मागं जाणारं, सोल्सेक्वियम. फोलिओ ९३ म्हणजे इन्युलाच, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर मी ओ'नीलच झालो. एवढंच की पाकळ्यांची झालर पाहून अटलांटिक ओलांडायची गरज नव्हती.

याच पुस्तकात फोलिओ ९ च्या मागं तिरंगी पॅन्सी आहे आणि तिच्याबद्दल फारसा वाद नाही. ती युरोपभर कुठंही उगवते. तिच्यावर मात्र कुणी सिद्धान्त रचला नाही. घरच्या फुलाकडे बघायला कुणाला वेळ आहे?

निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या बॅचला मी फोलिओ ९३ चा रंगीत प्रिंट दिला, कशातला ते न सांगता, आणि हर्बेरियमच्या लेबलसारखी चिठ्ठी भरायला सांगितली: कुळ, प्रजाती, जाती, ठिकाण, गोळा करणाऱ्याचं नाव, नमुना क्रमांक. बहुतेकांनी हेलिअँथस ॲन्युअस लिहिलं आणि मोकळे झाले. दोघांनी ठिकाण म्हणून ‘लातूर’ लिहिलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं कुळापुढं ‘ॲस्टरेसी असावं’ लिहिलं, प्रजाती आणि जातीच्या रेघा कोऱ्या ठेवल्या, आणि नमुना क्रमांकापुढं लिहिलं: ‘नमुना नाही. चित्र आहे.’ ॲस्टरेसीचं स्पेलिंग चुकलं होतं, त्याचा अर्धा मार्क कापला.